‘हेक्स’ हा शब्द नॉर्वेत आला कुठून?



या देशातल्या शब्दांच्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्या सदरात आज एक छोटासा शब्द घेतला आहे. ‘हेक्स’. अर्थ, चेटकीण. ज्यांची मुलं इथल्या बालवाडीत किंवा शाळेत जातात, त्यांच्या घरी हा शब्द केव्हाच येऊन बसला असेल. गोष्टीच्या पुस्तकातली लांब नाकाची, टोकदार टोपीची, झाडूवर बसून उडणारी म्हातारी म्हणजे हेक्स. मोठ्यांच्या बोलण्यातही ती अधूनमधून डोकावते. वाकून जड काही उचलताना कंबरेत एकदम उसण भरली, की नॉर्वेजियन माणूस म्हणतो, ‘हेक्सेस्कुड’ झालं. ‘स्कुड’ म्हणजे नेम धरून मारलेला बाण किंवा गोळी. चेटकिणीनं दुरून नेम धरला आणि तो कंबरेत लागला, असा त्याचा मूळ अर्थ. आज हा शब्द वापरताना कुणाला चेटकिणीची आठवणही होत नाही. आणि एखाद्या पुढाऱ्याच्या मागे सगळे हात धुऊन लागले, की वर्तमानपत्रात मथळा येतो ‘हेक्सेयाक्त’, म्हणजे चेटकिणींची शिकार.

इतका अंगवळणी पडलेला हा शब्द इथल्याच मातीतला वाटतो. पण तो आहे पाहुणा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सतराव्या शतकात या देशात ज्या बायकांना चेटकाच्या आरोपाखाली जाळलं, त्यांच्या खटल्यांच्या कागदपत्रांत हा शब्द क्वचितच सापडतो. त्यांच्या नावापुढे वेगळाच शब्द लिहिलेला असे. तो कोणता होता, त्याचा अर्थ कसा बदलत गेला आणि त्याच्या जागी हेक्स कसा येऊन बसला, ही आजची गोष्ट.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ.

मध्ययुगात बर्गेनच्या धक्क्यावर जर्मन व्यापाऱ्यांचं मोठं ठाणं होतं. उत्तरेकडचा सुका मासा दक्षिणेला जायचा आणि दक्षिणेचं धान्य वर यायचं. या हान्सा व्यापाऱ्यांची भाषा उत्तर जर्मनीची. धान्याबरोबर तिचे शब्दही उतरले. ‘स्नाक्के’ म्हणजे बोलणं, ‘बेताले’ म्हणजे पैसे देणं, ‘स्क्रेदर’ म्हणजे शिंपी, हे रोजचे नॉर्वेजियन शब्द तिकडूनच आले. ‘हेक्स’ही मूळचा जर्मन. तो याच उत्तर जर्मन भाषेतून डॅनिशमध्ये आणि नॉर्वेजियनमध्ये उतरला. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश होती, त्यामुळे डॅनिशमध्ये रुळलेला शब्द इथे रुळायला वेळ लागत नसे.

जर्मनमध्ये आज ‘हेक्से’ म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी त्याचं रूप लांबलचक होतं, ‘हागात्सुस्सा’. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला ‘हाग’. हाग म्हणजे कुंपण, कुंपणानं वेढलेली जागा. इथे जरा थांबा, कारण हा तुकडा तुम्ही रोज वापरता. नॉर्वेजियनमध्ये बागेला ‘हागे’ म्हणतात. तो त्याच मुळातला शब्द. आपण मुलांना सोडायला ज्या ‘बार्नेहागे’त जातो, ती मुलांची बाग. म्हणजे बार्नेहागे आणि हेक्स ही एकाच कुंपणाची दोन टोकं.

दुसरा तुकडा ‘त्सुस्सा’. त्याचा माग काढताना अनेक भाषा-अभ्यासक नॉर्वेजियन बोलींतल्या ‘तिस्या’ या जुन्या शब्दाकडे बोट दाखवतात. तिस्या म्हणजे परी, रानातली अद्भुत बाई. म्हणजे पाहुण्या शब्दाच्या पोटात इथल्याच बोलीची चुलतबहीण दडलेली आहे. दोन्ही तुकडे जोडले तर चित्र उभं राहतं ते कुंपणावरच्या बाईचं.

कुंपणच का? जुन्या काळच्या वस्तीत कुंपण म्हणजे नुसती लाकडं नव्हती. आत नांगरलेली जमीन, गोठा, चूल, माणसांचे कायदे. बाहेर रान, लांडगे, आणि ज्यांचं नाव रात्री घ्यायचं नाही ते सगळे. आपल्याकडच्या गावाची वेस आणि शीव आठवा, म्हणजे हे लगेच कळेल. शिवेवर नारळ का फोडतात हे आपल्या आजीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तर जी बाई या दोन्हींच्या मध्ये वावरते, इकडचंही जाणते आणि तिकडचंही, ती कुंपणावरची. जुन्या नॉर्स भाषेत अशाच बाईला ‘तून-रिदा’ म्हणत. तून म्हणजे घरासमोरचं आवार, आजही शेतघराच्या अंगणाला इथे ‘तून’च म्हणतात. रिदा म्हणजे स्वार होणारी. शेजारच्या स्वीडनमधल्या तेराव्या शतकातल्या एका प्रांतिक कायद्यात तर बाईला द्यायच्या शिव्यांची यादी आहे, आणि ‘तुला केस मोकळे सोडून कुंपणाच्या फाटकावर स्वार झालेली पाहिली’ असं म्हणणं हा त्यात दंडाचा गुन्हा ठरवला आहे. हे लक्षात ठेवा. त्या कायद्यात गुन्हेगार कोण? तसं म्हणणारा. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

आता या देशाच्या स्वतःच्या शब्दाकडे वळू. तो शब्द आहे ‘ट्रोल’.

तुम्ही म्हणाल, ट्रोल तर आम्हाला माहीत आहे. बर्गेनच्या दुकानात मिळतो, मोठं नाक, विस्कटलेले केस, शेपूट. हल्ली मराठीत आपण कुणाला ‘ट्रोल करतो’ तेही आहेच, पण ते इंग्रजी इंटरनेटवरून आलेलं क्रियापद, ते आज बाजूला ठेवू. जुन्या नॉर्समध्ये ट्रोल या शब्दाला ठरावीक आकार नव्हता. डोंगरातला राक्षस ट्रोल, थडग्यातून उठलेलं भूत ट्रोल, आणि मंत्रतंत्र जाणणारा हाडामांसाचा माणूसही ट्रोल. ज्याच्याकडे माणसाच्या आवाक्याबाहेरची शक्ती आहे असं वाटे, तो ट्रोल. त्यावरून क्रियापद आलं, भारून टाकणं या अर्थाचं. आणि त्यावरूनच नाम आलं ‘ट्रोलदोम’.

यातला ‘दोम’ हा प्रत्यय आपल्या ‘पण’ या प्रत्ययासारखा आहे. बालपणाला नॉर्वेजियनमध्ये ‘बार्नदोम’ म्हणतात, आजारपणाला ‘सिकदोम’. मग ट्रोलदोम म्हणजे ट्रोलपण. जादू, चेटूक, करणी, सगळं त्यात आलं. गंमत म्हणजे ‘दोम’ हा शब्द सुटाही वापरतात, आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो न्यायालयाचा निकाल. प्रत्यय आणि निकाल, दोन्ही एकाच मुळाचे. पुढे जे घडलं ते ऐकल्यावर या योगायोगानं अंगावर काटा येतो.

सुरुवातीला मात्र ट्रोलदोम आणि चिता यांचा संबंध इतका सरळ नव्हता. १२७४ साली राजा मागनुसनं सगळ्या नॉर्वेसाठी एक कायदा केला. त्याची ७५० वर्षं २०२४ साली इथे साजरी झाली. त्या कायद्यात रात्री बाहेर बसून ट्रोल जागवणं हा गुन्हा म्हटला आहे. म्हणजे भविष्य जाणून घेण्यासाठी उघड्यावर बसून काहीबाही विधी करणं. ख्रिस्ती राज्याला जुन्या धर्माच्या या खाणाखुणा नको होत्या. गुन्हा होता तो विधीचा, कृतीचा.

पन्नास वर्षांनी, १३२५ साली, बर्गेनच्या बिशपसमोर एक बाई उभी राहिली. राग्नहिल्ड ट्रेगागोस तिचं नाव. तिच्या प्रियकराचं दुसरीशी लग्न लागलं होतं. तिनं नवदांपत्याच्या अंथरुणात पाव, वाटाणे आणि तलवार लपवली आणि मंत्र म्हटला, असा आरोप. तिनं तो कबूलही केला. तिच्या मंत्रात ‘गांद’ हा शब्द येतो. गांद म्हणजे जादूगारानं दुसऱ्यावर सोडलेलं अदृश्य भूत, आपल्या मुठीसारखं. मूठ मारणं जसं, तसं गांद सोडणं. कंबरेत लागणाऱ्या त्या हेक्सेस्कुडचं हे जुनं भावंडच म्हणायला हवं. तिनं देवाला नाकारून सैतानाचा आश्रय घेतल्याचंही त्या कागदांत आहे. एवढं सगळं असून शिक्षा काय झाली? उपास, आणि सात वर्षं परदेशातल्या पवित्र स्थळांची यात्रा. तिचं चित्त तेव्हा ठिकाणावर नव्हतं, हे बिशपनं ध्यानात घेतलं. राग्नहिल्ड जिवंत राहिली.

यानंतर अडीचशे वर्षांनी त्याच बर्गेनमध्ये आन्ने पेडर्सदोत्तर उभी राहिली. ती साधीसुधी बाई नव्हती. आब्सालोन पेडर्सन बेयर या तिथल्या नामवंत विद्वान धर्मोपदेशकाची ती पत्नी. १५७५ साली तिच्यावर पहिल्यांदा आरोप झाला, तेव्हा ती सुटली. नवरा गेल्यावर आरोप पुन्हा उठले. तिच्या मोलकरणीनं साक्ष दिली, की बाईसाहेबांनी मला घोडा केलं आणि माझ्यावर बसून त्या लिडरहॉर्न डोंगरावर चेटकिणींच्या मेळ्याला गेल्या. १५९० साली आन्नेला जाळलं.

राग्नहिल्ड आणि आन्ने यांच्यामध्ये काय बदललं? शब्द तोच होता, ट्रोलदोम. त्यातला मजकूर बदलला. पंधराव्या शतकापासून जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स या भागांत एक नवी कल्पना पक्की होत गेली. चेटूक करणारा माणूस एकटा नसतो, त्यानं सैतानाशी करार केलेला असतो, त्याची गुप्त टोळी असते, ती रात्री डोंगरावर जमते. म्हणून एक सापडली की तिच्या साथीदारणींची नावं काढायची. नॉर्वे या कल्पनेच्या वाटेवरच होता. १५८९ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न करायला आला, ते लग्न ओस्लोत लागलं. राजकन्येचं जहाज वादळानं भरकटलं होतं. ते वादळ चेटकिणींनी उठवलं, असं म्हणून कोपनहेगनमध्ये आणि मग स्कॉटलंडमध्ये बायका पकडल्या गेल्या. जेम्सनं पुढे सैतानविद्येवर पुस्तकच लिहिलं.

त्या राजकन्येचा भाऊ म्हणजे चौथा क्रिस्टियान. हा राजा आपल्याला अनोळखी नाही. ओस्लो जळाल्यावर १६२४ साली यानंच किल्ल्याच्या कुशीत नवं शहर वसवून त्याला आपलं नाव दिलं, क्रिस्टियानिया. त्या चौकात हातमोज्याचा जो पुतळा आहे, ‘शहर इथे होईल’ असं बोट दाखवणारा, तो याच्याच हाताचा. आणि यानंच पाठवलेली जहाजं १६२० साली कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगमबाडीला लागली. पुढे साठ वर्षांच्या आत तंजावर व्यंकोजीराजांच्या हाती आलं, तेव्हा या राजाचं ते ठाणं मराठ्यांच्या शेजारी आलं.

या चौथ्या क्रिस्टियाननं १२ ऑक्टोबर १६१७ रोजी एक हुकूमनामा काढला. मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेला शंभर वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्तानं राज्य पापमुक्त करायचं होतं. हुकूमनामा होता ‘ट्रोलफोक’ आणि त्यांच्या साथीदारांबद्दल. ट्रोलफोक म्हणजे ट्रोल-लोक. त्यात खरे ट्रोल-लोक कोण, याची व्याख्या केली. ज्यांनी सैतानाशी स्वतःला बांधून घेतलं आहे, ते. शिक्षा, जाळणं.

एका वाक्यात एका जुन्या शब्दाचा अर्थ कायमचा आवळला गेला. आजवर ट्रोलदोममध्ये भविष्य सांगणं होतं, प्रेमाचा तोडगा होता, शेजाऱ्याच्या गाईचं दूध पळवल्याचा संशय होता. आता त्याचा गाभा झाला सैतानाशी करार. आणि करार असा, की जो कुणी पाहिलेला नाही, ज्याचा कागद नाही, ज्याचा पुरावा फक्त आरोपीच्या तोंडूनच निघू शकतो.

त्याच हुकूमनाम्यात आणखी एक शब्द सापडला, ‘सिग्नेरी’. त्याचं मूळ लॅटिन, क्रूसाची खूण करणं. आजही नॉर्वेजियनमध्ये आशीर्वाद देण्याला ‘वेलसिग्ने’ म्हणतात. मिठावर प्रार्थना पुटपुटून आजाऱ्याला चाटवणाऱ्या, मुक्या जनावरावर हात फिरवून मंत्र म्हणणाऱ्या गावोगावच्या जाणत्या बायका-पुरुषांचं काम ते सिग्नेरी. आपल्याकडे मीठ-मोहरीनं दृष्ट काढतात, तसाच हा घरगुती प्रकार. १६१७ नंतर त्यासाठी मालमत्ता जप्त आणि देशाबाहेर हकालपट्टी. ज्या शब्दात आशीर्वाद होता, तोही गुन्ह्याच्या यादीत गेला.

आता नकाशावर अगदी वर, उत्तर-पूर्वेच्या टोकाला जाऊ. फिनमार्क. तिथे वार्डो नावाचं बेट आहे. झाडं नाहीत, हिवाळ्यात दोन महिने सूर्य नाही, पोट सगळं समुद्रावर. १६१७ च्याच नाताळच्या आदल्या दिवशी तिथे अचानक वादळ उठलं. दहा होड्या बुडाल्या आणि चाळीस पुरुष गेले. इवल्याशा कोळीवाड्यांमध्ये एका दिवसात चाळीस. ज्या घरात आक्रोश उठला नाही असं घर शोधावं लागलं असेल.

दोन वर्षांनी, १६१९ साली, राजानं तिथे नवा सरदार नेमला. तो होता जॉन कनिंगहॅम, स्कॉटलंडचा. ज्या देशात वादळाचा दोष चेटकिणींवर ठेवून खटले झाले होते, त्याच देशातून आलेला. १६२१ साली वार्डोमध्ये खटले सुरू झाले आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या वादळाचा जाब बायकांना विचारला गेला. हातपाय बांधून त्यांना समुद्रात टाकत. बुडली तर निर्दोष, तरंगली तर दोषी. तरंगल्यावर कबुली यायची. मासेमारीच्या दोरीला गाठी मारल्या, सोडल्या आणि वादळ उठवलं. एका कबुलीत तर नाताळच्या रात्री फिनमार्कहून उडत बर्गेनजवळच्या लिडरहॉर्न डोंगरावर मेळ्याला गेल्याचं आहे. तोच आन्ने पेडर्सदोत्तरचा डोंगर. सुका मासा ज्या सागरी वाटेनं बर्गेनला जायचा, त्या वाटेनं गोष्टीही वर येत होत्या.

१६०० ते १६९२ या काळात फिनमार्कमध्ये १३५ जणांवर खटले झाले आणि ९१ जणांना मृत्युदंड दिला. त्यात ७७ बायका आणि १४ पुरुष. संपूर्ण फिनमार्कची लोकवस्ती तेव्हा सुमारे ३,००० होती, हे ध्यानात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. अख्ख्या नॉर्वेत सुमारे ३०० जणांचा बळी गेला, त्यातला जवळजवळ एक तृतीयांश या एका कोपऱ्यात. १६६२-६३ च्या लाटेत लहान मुलींवरही आरोप झाले. आईकडून शिकलो, असं त्या पोरी सांगत होत्या. सुदैवानं वरच्या न्यायाधीशानं मुलींना सोडलं. त्यांच्या आयांना ते भाग्य नव्हतं.

मारल्या गेलेल्या पुरुषांपैकी बहुतेक सामी होते. उत्तरेचे मूळ रहिवासी, त्यांची भाषा वेगळी, श्रद्धा वेगळ्या. नॉर्वेजियन लोकांनी ‘गांद’ हा शब्द फार पूर्वीच सामींच्या माथी मारला होता. शेवटच्या खटल्यांपैकी एक १६९२ चा. आंदर्स पॉल्सेन नावाच्या वृद्ध सामी माणसाकडे चित्रं काढलेला ढोल सापडला. सामी भाषेत त्या ढोलाला स्वतःचं नाव आहे, ‘गोआवदिस’. नॉर्वेजियन लोक त्याला ‘रूनेबोम्मे’ म्हणत, म्हणजे रून-लिपीचा ढोल, जरी त्यावर रून-लिपीचं एकही अक्षर नसलं तरी. आंदर्सनं न्यायालयात एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला, ढोल वाजवून दाखवला. लिहून घेणाऱ्यानं वर शब्द लिहिला तो ट्रोलदोम. निकाल लागण्याआधीच कैदेत असताना एका माथेफिरूनं कुऱ्हाडीनं त्याचा खून केला. ढोल कोपनहेगनला गेला. २०२२ साली तो कारासयोकच्या सामी संग्रहालयाच्या मालकीचा झाला. तीनशे तीस वर्षांनी.

१६९५ साली क्वेफ्योर्डमध्ये योहान्ने निल्सदात्तरला जाळलं, ती नॉर्वेतली शेवटची. कायद्यातली शिक्षा त्यानंतरही कागदावर राहिली, पण न्यायाधीशांचा विश्वास उडाला होता.

मग शब्दांचं काय झालं?

शब्द पांगले. एकोणिसाव्या शतकात आस्ब्योर्नसेन आणि मू यांनी लोककथा गोळा केल्या, थेओडोर किटेलसेननं चित्रं काढली, आणि ट्रोल डोंगराएवढा, बावळट, सूर्य पाहताच दगड होणारा झाला. माणूस त्या शब्दातून बाहेर पडला. त्याचं क्रियापद ‘त्रिल्ले’ मुलांच्या वाढदिवसाला गेलं. टोपीतून ससा काढणारा तो ‘त्रिल्लेकुन्स्टनर’. मैदा, मीठ आणि पाणी मळून मुलं जो गोळा खेळतात, तो ‘ट्रोलदाइग’. आणि मंत्रतंत्र करणाऱ्या बाईसाठी जी जागा रिकामी झाली, तिथे जर्मन परीकथांमधून आलेली, झाडूवरची हेक्स बसली. पाहुणी आली आणि घरची झाली.

त्यामुळे झालं काय, की आज कुणी म्हणालं ‘वार्डोला हेक्स जाळल्या’, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टोकदार टोपी येते. ज्या खरोखर जळल्या त्या कोळणी होत्या, मोलकरणी होत्या, विधवा होत्या. शेजाऱ्याशी उसनवारीवरून भांडलेल्या होत्या. त्यांनी स्वतःला हेक्स म्हटलं नव्हतं, आणि गंमत म्हणून तर ट्रोलही म्हटलं नव्हतं. आजही इथले इतिहासकार ‘हेक्सेप्रोसेस’ आणि ‘ट्रोलदोमप्रोसेस’ असे दोन्ही शब्द वापरतात. दुसरा शब्द वापरला की आपण निदान त्यांच्या आरोपपत्राच्या जवळ जातो.

वार्डोमध्ये जिथे शिक्षा देत, त्या जागेचं नाव स्टाइलनेसे. ‘स्टाइले’ म्हणजे वध केलेल्याचं शरीर ज्यावर लटकवत तो खांब, ‘नेस’ म्हणजे भूशिर. २०११ च्या २३ जूनला, देशभर संक्तहान्सच्या होळ्या पेटतात त्याच दिवशी, राणी सोन्या यांच्या हस्ते तिथे स्मारक खुलं झालं. वास्तुकार पीटर झुमटोर आणि शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांनी ते घडवलं. कापडाच्या लांबलचक बोगद्यात ९१ छोट्या खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा, आणि प्रत्येकीजवळ एका माणसाची हकीकत. इतिहासकार लिव्ह हेलेने विल्लुमसेन यांनी ती जुन्या न्यायालयीन दप्तरांतून लिहिली. नाव, आरोप, कबुली, निकाल.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. स्वीडनच्या त्या जुन्या कायद्यात एखादीला कुंपणावर स्वार झालेली म्हणणारा गुन्हेगार होता. १६१७ च्या हुकूमनाम्यानं ते उलटं केलं, म्हणणारा सुटला आणि जिला म्हटलं ती अडकली. हे सगळं दूरच्या, थंड प्रदेशातलं, जुनं वाटत असेल, तर आपल्या मराठी शब्दांकडे पाहा. चेटकीण हा शब्द आपल्याकडेही मुलांच्या गोष्टीत गेला आहे. पण ‘डाकीण’ हा शब्द नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर अलीकडच्या काळापर्यंत बाईला मारहाण करायला, गावाबाहेर काढायला पुरेसा ठरत आला आहे. तिथे काम करणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्यातलं एक कलम या गोष्टीशी थेट जुळतं. अमुक व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं सांगून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. दुधाचा उल्लेखसुद्धा आहे. नॉर्वेच्या खेड्यांतही बाईवर हाच संशय घ्यायचे, तिचं ‘ट्रोलकात’ नावाचं भुताळी जनावर शेजारच्या गाईचं दूध पिऊन येतं म्हणून.

म्हणजे चारशे वर्षांनी महाराष्ट्राच्या कायद्यानं तराजू पुन्हा सरळ केला. तू चेटकीण आहेस का, हा प्रश्न न्यायालयानं विचारायचाच नाही. विचारायचं ते एवढंच, की तिला चेटकीण कोण म्हणालं?

उन्हाळ्यात कुणी उत्तरेकडे जाणार असाल, तर वार्डोला जरूर जा. खिडकीजवळचा मजकूर सावकाश वाचा. भाषा कठीण वाटली तरी ‘ट्रोलदोम’ हा शब्द आता तुम्हाला ओळखता येईल. आणि तो दिसला, की त्याच्या शेजारी लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचा. आरोपाचा शब्द चारशे वर्षं टिकला, तर नावही टिकायला हवं.

पुढच्या भागात नवा शब्द घेऊन भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या, आणि जड उचलताना कंबर सांभाळा. नमस्कार.